आधी खण बाहेर काढा: गोव्यात जुनं महोगनी कपाट घेणाऱ्या नवख्यांसाठी

गोव्यात राहायला आलं की वर्षा-दोन वर्षांत माणसाला जुन्या फर्निचरची बाधा होते. मलाही झाली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चक्कर ठरलेली, आणि सासष्टीत कुठल्या बंद घराचं सामान निघतंय असं कानावर आलं की स्कूटर आपोआप तिकडे वळायची. अशाच एका घरात मी पहिलं खणांचं कपाट घेतलं. वर दोन आखूड खण, खाली तीन लांब. लालसर तपकिरी रंग, पितळी कड्या, वरच्या फळीत तोंड दिसेल अशी चकाकी. विकणारा म्हणाला, "अस्सल महोगनी. पोर्तुगालहून आलेलं. दोनशे वर्षं तरी झाली असतील." मी पैसे मोजले.

टेम्पोतून ते घरी आलं तेव्हा फोंड्याचे आमचे सुतारकाका हजर होते. त्यांनी कपाटाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. वरचा खण अख्खा बाहेर ओढला, उलटा केला, दर्शनी फळीची आतली बाजू नखाने जरा खरवडली आणि नाकाशी नेली. "हें सागवान, बाब." लाकूड सागवान, वर लाल पॉलिश. बरं, सागवान काही वाईट नाही, उलट गोव्याच्या हवेत ते महोगनीपेक्षा सुखाने राहतं. पण मी पैसे महोगनीचे दिले होते. जाता जाता काका म्हणाले, "आदीं खण भायर काड, मागीर मोल विचार." पुढचं सगळं लिखाण म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे.

बाजारात जाण्याआधी: नावं आणि गाव

आधी शब्दाचा घोळ. गोव्यातल्या जुन्या घरांत या कपाटाला पोर्तुगीज वळणाने 'कोमोदा' म्हणतात. एकदा फोनवर कोणी तरी "एक जुना कोमोद विकायचा आहे" म्हणाले आणि मी भलत्याच वस्तूची कल्पना करून नम्रपणे नकार दिला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'सोयीचा'. आपल्या न्हाणीघरात पोचलेला कमोड हाही त्याच घराण्यातला. तसे चावी, बिजागरी, खुद्द मेस्त्री हे शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतलेत, तेव्हा हसायला फारसा वाव नाही.

सोय कसली, ते पेटारा वापरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तळातलं लुगडं हवं असेल तर वरचं सगळं उपसा. युरोपात आधी पेटाऱ्याच्या तळाशी एक खण आला, मग खण वाढत गेले आणि सतराव्या शतकात झाकण जाऊन सगळेच खण झाले. तेव्हा इंग्लंडात ओक आणि अक्रोड चालायचं. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि जमैकासारख्या बेटांवरून महोगनी लंडनच्या गोदीत येऊन पडू लागली. तिथल्या जंगलात ती तोडली ती गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी. चकाकत्या फळीवरून हात फिरवताना हेही माहीत असलेलं बरं. सुतारांना हे लाकूड आवडलं त्याला कारणं होती: फळ्या रुंद मिळत, वाळल्यावर वाकत नसत, आणि कोरताना कड सुटत नसे.

१७५४ मध्ये टॉमस चिपेंडेल या लंडनच्या कारागिराने फर्निचरच्या आराखड्यांचं पुस्तक छापलं. १७८८ मध्ये जॉर्ज हेपलव्हाइटचं आलं, तेही त्याच्या मृत्यूनंतर. ही पुस्तकं गावोगावच्या सुतारांनी समोर ठेवून कामं केली. म्हणून दुकानदार "हे चिपेंडेल" म्हणाला तर तो ढब सांगतोय एवढंच धरा. त्या माणसाच्या हातचं कपाट तुमच्या-आमच्या वाट्याला येत नसतं.

घाट ओळखायला मोटामोटी एवढं पुरे. सरळ दर्शनी बाजू, कोपऱ्यात कंसासारखे कापलेले बुटके पाय आणि लोंबत्या पितळी कड्या, ही अठराव्या शतकाच्या मधली तऱ्हा. दर्शनी बाजू धनुष्यासारखी पुढे फुगलेली असेल तर १७८० नंतरची चाल. जाडजूड, कातलेल्या लाकडी मुठींचं आणि गोल पायांचं असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ. आणि दोन भागांत सुटं होणारं, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेलं, कड्या फळीच्या आत बुडवलेलं कपाट दिसलं तर ते ब्रिटिश फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या प्रवासी सामानातलं. कड्या आत बुडवलेल्या, कारण बैलगाडीत सामानावर सामान घासतं. मात्र घाट ही नक्कल करायला सर्वांत सोपी गोष्ट, म्हणून तो पुरावा म्हणून धरायचा नाही.

आता गोव्याचं. इथे सतराव्या शतकातच खणांचं फार देखणं काम होत होतं. 'कोंतादोर' म्हणून ओळखली जाणारी, पुष्कळ लहान खणांची पेटी, खाली चौरंगासारखी बैठक, अंगभर शिसवी आणि हस्तिदंताचं जडावकाम, आणि पायांच्या जागी कधी कधी चक्क नागकन्या. घडवणारे हात इथले, मागणी पोर्तुगिजांची. पुढच्या काळात पोर्तुगालहून आणि मुंबईमार्गे इंग्रजी नमुने आले आणि इथल्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, ते आपल्या हाताशी असलेल्या सागवानात, शिसवीत उतरवले. तेव्हा गोव्यात समोर आलेलं जुनं कपाट तीनपैकी एक असतं: युरोपातून आलेलं, मुंबईकडून आलेलं, किंवा इथेच घडलेलं. माझ्या पाहण्यात तिसरंच सर्वांत जास्त. दुकानात मात्र तिघांनाही 'महोगनी' हेच नाव असतं, कारण आपल्याकडे महोगनी हे पॉलिशच्या रंगाचं नाव होऊन बसलंय.

डोळा तयार करायला आधी न विकाऊ वस्तू बघा. चांदरचं ब्रागांझांचं घर, लोटलीचं फिगेरेदो घर, जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय. बाणावलीच्या 'गोवा चित्र'मध्ये जुनी अवजारं मांडली आहेत, तीही पाहा. रंधा कसा धरत असतील हे कळलं की रंध्याची खूण पटकन दिसते.

पायरी पहिली: खण उलटा करा

सोबत काय न्यायचं? बॅटरी, भिंग, मोजपट्टी, लहान लोहचुंबक आणि काळा कागद. विकणाऱ्याला विचारा, "खण काढून बघू ना?" जो नको म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. मला आजवर दोघे असे भेटले. एकाने कारण दिलं की आत कागदपत्रं आहेत.

खण बाहेर काढून जमिनीवर उलटा ठेवा. दर्शनी फळी आणि बाजूची फळी जिथे मिळते तो कोपरा पाहा. तिथे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते एकमेकांत अडकवलेले दिसतील. याला सुतार डवटेल म्हणतात. हाताने कापलेल्या डवटेलचे दाते एकसारखे नसतात. एक जरा रुंद, एक अरुंद, आणि दात्यांच्या बुडाशी सुईने ओढलेली बारीक रेघ, जिच्यावर सुतार करवत थांबवत असे. कुठे तरी करवत त्या रेघेपलीकडे केसभर गेलेली असते. मला ती चूक फार आवडते, संध्याकाळची वेळ झाली असावी असं वाटतं. यंत्राचे दाते मात्र शाळेच्या कवायतीसारखे, सगळे सारखे, मधली अंतरंही सारखी. असं यंत्रकाम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्रास झालं. दात्यांऐवजी अर्धचंद्र आणि मध्ये गोल खुंटी दिसली तर ते १८६७ मध्ये पेटंट घेतलेल्या अमेरिकन यंत्राचं काम, साधारण १८७० ते १९०० मधलं. आणि दाते नाहीतच, नुसते खिळे ठोकलेत, असं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

आता तळाची फळी. बॅटरी फळीला जवळजवळ टेकवून तिरकी धरा आणि बोटांची टोकं आडवी फिरवा. हाताने रंधा मारलेल्या फळीवर अगदी उथळ लाटा लागतात. नदीच्या वाळूत पाणी ओसरल्यावर उरतात तशा. खरवडीच्या खुणा सरळ पण वेड्यावाकड्या असतील तर हातकरवत. कमानीसारख्या गोल असतील तर चक्रीची करवत, म्हणजे काम साधारण १८३० नंतरचं. तळाला प्लायवूड असेल तर एक तर कपाट विसाव्या शतकातलं किंवा तळ नंतर बदललेला. बदललेला तळ म्हणजे लबाडी नव्हे. शंभर वर्षं वापरात असलेल्या वस्तूची दुरुस्ती होणारच, ती विकणाऱ्याने सांगितली की झालं.

खणाच्या बाजूच्या फळ्या खालून झिजलेल्या हव्यात. झीज मागच्या टोकाला जास्त असते, कारण अर्धा खण ओढला की सगळा भार तिथे येतो. कपाटाच्या आतल्या पट्ट्यांवर त्या झिजेचा जोडीदार खड्डा पडलेला असायला हवा. खण झिजलेला आणि पट्टी कोरी, किंवा उलट, असं असेल तर एक तर पट्टी बदललीय किंवा खण दुसऱ्याच कपाटाचा आहे. "वरचं एकाचं, खालचं दुसऱ्याचं" हा प्रकार दोन भागांच्या कपाटांत बराच होतो. तो पकडायला दोन्ही भागांच्या मागच्या फळ्या शेजारी शेजारी पाहायच्या. समोरून सगळे जुळवतात, पाठीमागून जुळवायचा कंटाळा करतात.

आणि मुख्य गोष्ट: आतलं लाकूड. महोगनी महाग, म्हणून ती फक्त दर्शनी जागी. खणाच्या बाजू, तळ, पाठ या जागी सुतार जवळ मिळेल ते स्वस्त लाकूड वापरतो. इंग्लंडात ओक किंवा पाईन. गोव्यात फणस, सागवान, आंबा. फणस ओळखायला सोपा. ताजा असताना हळदीसारखा पिवळा, वर्षं गेली की गुळाच्या ढेपेच्या रंगावर जातो, पण सांध्याच्या आत बॅटरी मारली की अजून पिवळेपणा दिसतो. आत फणस असेल तर "पोर्तुगालहून आलेलं" ही गोष्ट तिथेच संपते. लिस्बनच्या सुताराने खणाच्या तळाला फणस कुठून आणावा? पण घाईने तोंड वाकडं करू नका. गोव्याच्या मेस्ताचं हातकाम असलेलं, आत फणस नि बाहेर शिसवी असलेलं कपाट मला तरी इंग्लंडच्या दुय्यम मालापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. फक्त पावतीवर तसं लिहून घ्या.

काकांसोबत घेतलेल्या माझ्या दुसऱ्या कपाटात दुसऱ्या लांब खणाच्या पाठीवर पेन्सिलीने तीन उभ्या रेघा होत्या. खण बसवताना क्रम चुकू नये म्हणून सुताराने केलेली खूण. वरचे दोन आखूड खण मिळून एकच मोजले असणार, कारण खालच्या खणाला चार रेघा निघाल्या. तळाशी मेणबत्ती घासल्याचे पांढुरके डाग, कोपऱ्यात झुरळाच्या अंड्यांची रिकामी टरफलं आणि डांबरगोळीचा उग्र वास. विकणाऱ्याने यातलं काहीच पुसलं नव्हतं, तेव्हाच मला कपाट पसंत पडलं होतं.

पायरी दुसरी: लाकूड ओळखा

जुन्या फर्निचरातली खरी महोगनी दोन झाडांची. एक वेस्ट इंडीज बेटांवरची, जड आणि गर्द. दुसरी मध्य व दक्षिण अमेरिकेतली, मोठ्या पानांची, थोडी हलकी. आपला कडुनिंब याच कुळातला, आणि तूनही, ज्याचं लाकूड भारतात महोगनी म्हणून पुष्कळदा खपतं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात महोगनीची रोपं १७९५ मध्ये आली. हल्ली महोगनी लागवडीच्या जाहिराती शेतकऱ्यांच्या फोनवर येऊन आदळतात, त्या नव्या झाडांचा आपल्या कपाटाशी संबंध नाही.

पॉलिश नसलेली जागा शोधा: दर्शनी फळीची आतली बाजू, नाही तर वरच्या फळीची खालची कड. भिंगातून महोगनीवर आखूड, बारीक, गडद रेघा दिसतात, टोकदार पेन्सिलीने मारल्यासारख्या, आणि त्या फळीभर सारख्या विखुरलेल्या असतात. फळीच्या आडव्या कापावर फिकट बारीक वलयं दिसतात. बॅटरी डावीकडून उजवीकडे न्या. रुंद पट्ट्यांपैकी उजळ दिसणाऱ्या काळवंडतात आणि काळ्या उजळतात, पैठणीचा पदर हलवल्यासारखं. धागे आळीपाळीने उलटसुलट वाढल्यामुळे हे होतं. रंगाने लाल केलेल्या सागवानात अशी हालचाल सहसा नसते.

सागवान हाताला किंचित तेलकट लागतं आणि खरवडलं की कमावलेल्या कातड्यासारखा वास येतो. शिसवी अंगावर जांभळट काळे पट्टे घेऊन येते, आणि उचलली की कळतेच. एका घनमीटरमागे मोठ्या पानांची महोगनी ६०० किलोच्या आसपास, सागवान ६५०, शिसवी ८५०. म्हणजे महोगनी आणि सागवान वजनावरून वेगळे करता येणार नाहीत, शिसवी मात्र एका हाताने खण धरला तरी ओळखू येते.

कडीची चकती एखादी सैल असेल तर परवानगी घेऊन फिरवून पाहा. तिच्याखाली उजेड कधी लागलेला नसतो, म्हणून मूळ रंग तिथे उरतो. चकतीखालचा आणि बाजूचा रंग तंतोतंत एक असेल तर पॉलिश नुकतंच झालंय.

व्हिनिअर म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. तो दिसला की लोक "फसवलं" म्हणतात. असं नसतं. अठराव्या शतकातले चांगले कारागीर खास नक्षीच्या महोगनीचा पापुद्रा मुद्दाम वापरत. तो करवतीने कापलेला, दोन मिलिमीटरच्या आसपास जाड असे. यंत्राच्या पात्याने सोललेला आजचा पापुद्रा एका मिलिमीटरलाही पोचत नाही. कुठे टवका उडालेला असेल तर तिथे जाडी बघा.

पायरी तिसरी: लोखंड आणि पितळ

इथे फार वेळ घालवू नका. कड्या सर्वांत जास्त वेळा बदललेल्या असतात. खणाच्या आतून पाहा: एका कडीसाठी दोन भोकं हवीत. चार दिसली, त्यातली दोन बुजवलेली, तर कड्या बदलल्या. लोहचुंबक चिकटला तर पितळ नाही, पितळेचा मुलामा. जुन्या हाताच्या स्क्रूचं टोक बोथट असतं आणि डोक्यावरची खाच मध्यभागी नसते. टोकदार स्क्रू १८४६ नंतरचे. कुलूप बदललं असेल तर चावीच्या भोकाभोवती लाकडाचं ठिगळ दिसतं.

चावीच्या भोकावरची चकती पांढरी असेल तर भिंग लावा. बारीक काळे ठिपके म्हणजे हाड. एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघा म्हणजे हस्तिदंत, आणि मग सौदा तिथेच सोडा. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो.

पायरी चौथी: कीड

गोव्यात हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं जुनी असू शकतात. कीड जिवंत आहे का ते पाहायला कपाटाच्या पायांखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवायला सांगा. ताजा भुसा पिठासारखा फिकट पडतो. जुना भुसा काळपट असतो आणि हलवल्यावर एकदाच पडतो. पाय आणि पाठीमागची फळी पेचकसाच्या टोकाने हलकेच टोचून बघा. फुसकन आत गेलं तर वाळवी आतून जेवून गेलीय, वर फक्त पॉलिश उभं आहे. जिवंत कीड असलेलं कपाट घरात नेऊ नका. घरात इतर लाकूड असतं, छपराचे वासे असतात.

पायरी पाचवी: कागद

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून परदेशी पाहुण्याला "सहज नेऊ शकाल" म्हणणाऱ्या दुकानदारापासून लांब राहा. पावतीवर लाकूड, अंदाजे काळ, मापं आणि दुरुस्त्या लिहून घ्या. 'अँटिक कपाट, एक नग' अशी पावती घेऊन काहीच सिद्ध होत नाही. माझ्या पहिल्या कपाटाची तशीच होती.

घराच्या दाराची आणि जिन्याच्या वळणाची मापं आधी घ्या. मी अजून काही लिहिलं तर घरचे लोक हसतील.

पायरी सहावी: पहिला पावसाळा

कपाट उन्हाळ्यात घेतलं असेल तर खण लोण्यासारखे सरकतील. जून संपता संपता ते रुसायला लागतात. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि आडव्या अंगाने फुगतं, लांबीला जवळजवळ काहीच नाही. वीस सेंटिमीटर उंचीची खणाची फळी कोरड्या दिवसांपासून भर पावसापर्यंत दोनेक मिलिमीटर वाढू शकते, आणि खणाच्या भोवती फट असते जेमतेम तेवढीच.

पहिल्या वर्षी जुलैमध्ये माझा तिसरा खण असा अडकला की त्यातली इस्त्रीची कापडं कोंडून बसली. काका गावाला गेलेले. मी स्वतः रंधा घेतला आणि वरची कड घासून खण मोकळा केला. दोन दिवस मिरवलो. डिसेंबरात त्या खणाच्या वर बोट जाईल एवढी फट पडली, आतले कपडे बाहेरून दिसायला लागले. काकांनी आल्यावर फटीत बोट घालून ते माझ्यासमोर धरलं, बोलले काहीच नाहीत. मग त्याच लाकडाची पातळ पट्टी सरसाने चिकटवून त्यांनी ती कड पुन्हा भरून काढली. जोड अजून दिसतो.

तेव्हा नियम: पावसाळ्यात रंध्याला हात लावायचा नाही. खणाच्या खालच्या कडांवर आणि आतल्या पट्ट्यांवर पांढरी मेणबत्ती घासा, खणातलं ओझं कमी करा, आणि ओढताना दोन्ही कड्या धरून सरळ ओढा. एका हाताने तिरका ओढलेला खण हमखास फसतो. जानेवारीतही अडत असेल तर मग सुताराला बोलवा. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. आमच्याकडे पावसाचा मारा तिकडूनच येतो आणि चिऱ्याची भिंत ओल धरते. मागे चार बोटं जागा सोडली तरी पाठीची फळी वाचते.

पायरी सातवी: पॉलिश, आणि ते न करणं

नवखा माणूस कपाट घरी आणलं की पहिल्यांदा पॉलिशवाल्याला फोन करतो. आणि पॉलिशवाला पहिल्यांदा काय करतो, तर घासकागदाने दीडशे वर्षांचा रंग जमिनीवर पाडतो. त्यावर चकचकीत पॉलियुरेथेन मारलं की कपाट हॉटेलच्या खोलीतलं दिसतं.

आधी वर काय आहे ते ओळखा. लपलेल्या जागी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर लाखेचं पॉलिश, यालाच फ्रेंच पॉलिश म्हणतात. नाव फ्रेंच, लाख मात्र आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्यांची. काहीच झालं नाही तर आधुनिक रंग.

लाखेचं पॉलिश नुसतं मळलेलं असेल तर किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा, लगेच कोरडं करा, आणि मधमाशीच्या मेणाचं पातळ बोट लावून दुसऱ्या दिवशी चोळा. मेण जास्त लावलं तर धूळ चिकटते. पावसाळ्यात वर पांढुरका धुरकटपणा आला तर घाबरू नका, ओल पॉलिशमध्ये शिरलेली असते. हवा कोरडी झाली की बऱ्याचदा आपोआप जातो.

लाख नवी लावायचीच असेल तर लिटरभर स्पिरिटात सव्वाशे ग्रॅम लाखेच्या पापड्या रात्रभर विरघळवा, कापडातून गाळा. कापसाचा बोळा जुन्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळा, त्याचा तळ अक्रोडाएवढा आणि गुळगुळीत हवा, एकही चुणी नको. बोळा फळीवर विमानासारखा उतरवायचा आणि तसाच उचलायचा, मध्ये थांबायचं नाही. थांबलात तिथे डाग पडतो. थर इतका पातळ की आपण काही करतोय की नाही असं वाटावं. असे थर दोन-तीन दिवस. पावसाळ्यात हे काम करूच नका, आणि देवघरात निरांजन चालू असताना तर मुळीच नाही. स्पिरिट पेट घेतं.

सैल झालेले सांधे सरसाने जोडायचे. सरसाचे खडे रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यावर ठेवून वितळवायचे, उकळू द्यायचे नाहीत, उकळला की पकड जाते. वास येतो, घरच्यांना सांगून ठेवा. पांढरा गोंद सोपा पडतो, पण तो कायमचा बसतो. सरसाचा सांधा पुढच्या सुताराला गरम पाणी आणि धीर यांवर उघडता येतो. पितळी कड्या चिंच लावून लख्ख करायचा मोह टाळा. आंबट पाणी कडेने लाकडात उतरतं आणि चकतीभोवती कायमचं काळं कडं पडतं. करायचंच असेल तर कडी काढून बाहेर घासा.

जी काही दुरुस्ती कराल ती तारखेसह कागदावर लिहून खालच्या खणाच्या तळाशी चिकटवून ठेवा. आमच्या कागदावर पहिलीच नोंद माझ्या रंध्याची आहे, काकांनीच लिहायला लावली.

तो तिसरा खण अजूनही श्रावण लागला की अडतो. आता त्याला कोणी हात लावत नाही. चवथीची नवी कापडं आषाढातच वरच्या खणात हलवायची, आणि त्या खणात काय राहिलं असेल ते गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटोळी उतरल्यावर बघायचं, असं घरात ठरून गेलंय.